धाकोजी तांडेल देवमाशाचे उदरीं राहिला किंवा कसें, त्याची बखर

श्रीसागर समर्थ. ज्याचे पोटीं रत्नें, शिंपले, बुडालीं गलबतें आणि डोंगराएवढे मासे एकत्र नांदतात आणि जागेवरून तंटा होत नाहीं, त्या समुद्रास प्रथम नमन. आणि त्याहून थोर पोट एकच, तें गणरायाचें, त्यास दुसरें नमन. तदनंतर लिहिणार सेवक, वय वर्षें बहात्तर, दांत पांच, स्मरण शाबूत, विनंति करितो ऐसी जे: खाविंदांची आज्ञा जाहली कीं, 'आमचे तीर्थरूप थोरले महाराज यांचे कारकीर्दींत एक तांडेल देवमाशाचे पोटांत तीन दिवस राहोन जिवंत बाहेर आला, ऐसें लोक बोलतात. तर मासा मनुष्यास गिळील आणि मनुष्य वांचेल, हें होतें कीं काय, खरें असेल तें लिहून पाठविणें.' आज्ञेप्रमाणें लिहितों. सेवक त्या समयीं चिटणिशीस होता. बहुतेक सर्व डोळां देखिलें, कांहीं नाकानेंही देखिलें, तें पुढें येईलच.

शके सोळाशें बेचाळीस, शार्वरीनाम संवत्सर, माघ मास. राज्य समुद्रकांठचें, पूर्वेस डोंगर, पश्चिमेस पाणी, मध्यें भात आणि भाऊबंदकी. राज्यांत गलबतें एकुणीस, त्यांत महाराजांचें खासें गलबत एक, आणि त्या खाशा गलबताचा दंडक पूर्वजांपासून ऐसा कीं, एका बंदरीं नांगर उचलल्यापासून दुसरे बंदरीं नांगर पडेपर्यंत सुकाणूं एकाच हातीं असावें. दुसरा हात लागला तर राज्य दुसर्‍याचे हातीं जाईल, म्हणोन भय. आणि ज्याचे हातीं सुकाणूं त्यानें वाटेंत डोळा मिटला, तर त्याचें पागोटें उतरवावें आणि जन्मांत पुन्हां सुकाणूंस शिवों देऊं नये. या गलबताचें सुकाणूं धाकोजी तांडेलाचे हातीं होतें. वय पस्तीस, अंगानें धिप्पाड, मिशा दोहों कानांपर्यंत, आणि पाण्याखालचे खडक नांवानिशीं ओळखी. त्याची बायको वेसू बंदरावर मासळी विकी. तिनें भाव पुकारिला म्हणजे किल्ल्यावरचे पहारेकरी दचकत. उभयतांचा संसार नेटका, भांडण नित्य, आणि एकमेकांवांचून घांस उतरत नसे, हें सर्व बंदरास ठाऊक. ऐसें असतां राणीसाहेबांस डोहाळे लागले. (पोटीं खाविंदच होते.) त्यांनीं डाळिंबें मागितलीं, आणि डाळिंबें आपले राज्यांत होत नाहींत, तीं उत्तरेचे बंदरीं परदेशांतून उतरत, मग महाराजांनीं धाकोजीस बोलावून आज्ञा केली कीं, 'चवथे दिवशीं सांजेस डाळिंबें येथें पाहिजेत.' वाट जाऊन येऊन सहा दिवसांची. परंतु राजाज्ञेपुढें तांडेलानें काय बोलावें? त्यानें मुजरा केला, नांगर उचलिला, आणि गेला तो उत्तरेचे बंदरीं डाळिंबें चढवावयास लागला तितकाच वेळ थांबला, आणि तोही करंड्या मोजण्यांत उभा, आणि मग तैसाच परत फिरला. चवथे दिवशीं भर दोन प्रहरीं, वारा बरा, पाणी शांत, खलाशी साही जण नाळेकडे, म्हणजे गलबताचे पुढील टोंकास, जेवावयास बसले होते, आणि गलबत जें गेलें तें सरळ खडकावर जाऊन दोन तुकडे जाहलें.

खलाशी पोहोन एका मचव्यावर चढले आणि घरीं आले. गलबत कशास धडकलें पुसलें तर 'आम्ही जेवत व्हतो' इतकेंच म्हणत. तांडेल आला नाहीं. पंधरा दिवस वाट पाहिली. मग आपले राज्याची चाल आहे कीं, समुद्रांत गेलेल्याचें प्रेत नाहीं सांपडलें तर पळसाच्या पानांचा पुतळा करावा आणि त्यास अग्नि द्यावा, त्याप्रमाणें धाकोजीचा पुतळा केला, त्यास मिशाही काढिल्या, आणि दहन जाहलें. वेसू चुडा फोडूं देईना. 'मानूस बघितल्याबिगर मी चुडा फोडायची न्हाय,' म्हणे. बायकांनीं हात धरून फोडिला. दुसरे दिवशींपासून ती बाजारीं टोपली घेऊन बसे, परंतु भाव पुकारीत नसे. गिर्‍हाइकानें विचारिलें तर बोट दाखवी. सेवक त्या वाटेनें जातां एकदां तिचे मोकळे मनगट पाहोन मासळी न घेतांच परतला. तें दुःख पाहवेना, खरें तें लिहितों.

मग गलबत फुटल्यापासून तिसावे दिवशीं भाताचें तारूं बंदरास लागलें आणि त्यांतून धाकोजी तांडेल उतरला! लोक प्रथम पळाले. मग त्याचे पाय उलटे नाहींत हें पाहोन परत आले. बंदरावरील कारभारी विचारी कीं, 'अरे, गलबत कसें गेलें?' तेव्हां धाकोजी म्हणाला, 'देवमाशानं गिळलं.' 'आणि तूं?' 'मलाबी गिळलं.' 'मग?' 'तीन दिस ठेवलं आन् एका बेटावर थुंकलं.' एकदां तोंडांतून निघालें आणि मग मागें कसें घ्यावें? दरबारीं आणिलें तेव्हां मजकूर आणखी वाढला. आंत म्हणे अंधार होता, ऊब होती, माशाचें काळीज नौबतीसारखें वाजत होतें, आणि एक म्हातारें कासव सोबतीस होतें. महाराज सिंहासनाच्या कडेस येऊन ऐकत होते. महाराजांचा स्वभाव ऐसा कीं, अद्भुत गोष्ट म्हटली म्हणजे जेवण विसरत. त्यांस डाळिंबांचें दुःख राहिलें नाहीं, गलबताचें राहिलें नाहीं. म्हणाले, 'आमचे राज्यांत ऐसा पुरुष निपजला! यास हत्तीवरून मिरवा!' धाकोजीचा जीव भांड्यांत पडला. समुद्रानें नेलें त्यांत तांडेलाचा दोष नाहीं. पागोटें डोईवर राहिलें, सुकाणूं राहिलें, आतां घरीं जाऊन कालवण-भात जेवावा, इतकेंच त्याचे मनांत. तंव नृसिंहशास्त्री पुढें जाहले.

शास्त्रीबोवा विद्वान, षट्शास्त्रसंपन्न, आणि विद्वत्ता उगीच बसूं द्यावयाची नाहीं हा त्यांचा बाणा. ते बोलिले, 'महाराज, उदरांत प्रवेश, उदरांत वास आणि उदरांतून निर्गम, यास शास्त्र जन्म म्हणतें. पहिला धाकोजी मेला, त्याचें दहन जाहलें, मीच मंत्र म्हटले. हा समोर आहे तो नवा जीव, मत्स्यीचे पोटचा, वय सांप्रत सत्तावीस दिवस. याचें बारसें व्हावें. विवाहाचें पुढें बारा वर्षांनीं पाहूं.' दरबार थक्क जाहला. वेसू गर्दींत उभी होती, ती मोठ्यानें म्हणाली, 'आन् मी कोन मग?' शास्त्री म्हणाले, 'बाई, तूं मागील जन्मींची.' वेसू म्हणाली, 'मागल्या जल्माची? आवो, मागल्या म्हयन्यात ह्यास्नी मी बोंबलाचं कालवण वाढलंय!' परंतु महाराजांस शास्त्रार्थ बहुत आवडला, आणि आज्ञा जाहली कीं बालक वाड्यांत ठेवावें. मग राणीसाहेबांकरितां रुप्याचा पाळणा तयार होता तो आणिला, त्यांत धाकोजीचा एक पाय राहिला, मग गलबताचें शीड छतास टांगून झोळी केली, पांच सुवासिनींनीं 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' केलें, आणि शास्त्रीबोवांनीं कानांत 'तिमिसुत', म्हणजे देवमाशाचा पुत्र, ऐसें नांव फुंकिलें. खाणें दूधभात, तोही मऊ. मासळी वर्ज्य, कां तर सर्व मासे आजोळचे जाहले. आजोळचीं माणसें कोणी तळून खातो? आणि जावळ काढावयाचा मुहूर्त पाहिला, त्यांत मिशांचाही समावेश, म्हणोन धाकोजी रात्रंदिवस मिशांवर हात ठेवून निजे. पांचवे दिवशीं वेसू वाड्याचे मागील खिडकीशीं आली. सेवक ओसरीवर लेखण्या तासीत होता, सबब कानीं पडलें. ती म्हणाली, 'खरं बोला. काय जालं?' धाकोजी म्हणाला, 'खरं बोललो तर सुकानू जातंय, वेसू. सुकानूबिगर मी कोन? पाट्या उचलू का बंदरावर?' ती म्हणाली, 'आन् खोटं बोललात तर मी जात्येय.' तिनें पदरांतून पानांत बांधलेला तळलेला मासा काढून गजांतून आंत दिला, आणि गेली. धाकोजी आजोळचें माणूस कांट्यासकट खाऊन रडत बसला.

फाल्गुन वद्यांत बातमी आली कीं, राजधानीहून कोसभर दक्षिणेस वाळूवर एक देवमासा मरून लागला आहे. महाराज ताबडतोब निघाले. शास्त्रीबोवा म्हणाले, बालकासही न्यावें, कां तर ही त्याची मातुश्री असेल तर दहा दिवस सुतक, मावशी असेल तर तीन. ओळख पटली पाहिजे. मग महाराज, दिवाण अंताजीपंत, शास्त्रीबोवा, आम्ही लिहिणारे आणि झोळींतून उतरविलेला धाकोजी ऐसे सर्व गेलों. मासा लांब साठ हात, उंच दोन पुरुष, काळा आणि पोटाशीं पांढरा. आणि वास ऐसा कीं अंताजीपंत नाकास शेला लावून पाठीकडूनच पाहूं लागले. सेवकानें कापराच्या दोन वड्या नाकांत घातल्या तरी तीन दिवस वरणास तोच वास येई. महाराज पुसते जाहले, 'तांडेला, हीच कीं काय?' धाकोजी माशास एक फेरी घालून आला आणि म्हणाला, 'म्हाराज, मी आतून बघितलं, भाईरनं न्हाय.' हें उत्तर सर्वांस पटलें. इतक्यांत वेसू आली. कमरेस पदर खोंचिलेला, हातीं मासळी कापावयाची सुरी. मुजरा करून बोलली, 'म्हाराज, मी सात वर्सांची असल्यापासनं मासळीच कापतेय. हुकूम असंल तर ह्याचा घसा बघते.' महाराजांस अद्भुत जितकें प्रिय तितकीच परीक्षाही प्रिय. म्हणाले, 'पहा.' मग कोळ्यांनीं बांबू लावून जबडा उघडिला. आंत दांत एकही नाहीं. दांतांचे जागीं झालरीसारखे राठ केस. तोंड ऐसें विस्तीर्ण कीं त्यांत दिवाणखाना मावेल. महाराज म्हणाले, 'यांत मनुष्य काय, मेणा जाईल!' वेसू आंत शिरली, कंबरभर वांकून पलीकडे गेली आणि ओरडली, 'तोंड मोठं हाय, म्हाराज, घसा न्हाय! कोहळा धाडा!' जवळचे वाडीवरून कोहळा आणिला. चार कोळ्यांनीं दांड्यानें रेटिला. कोहळा घशाशीं गेला आणि तेथेंच बसला. मग नारळ दिला, तो मोठ्या मिनतवारीनें उतरला. महाराजांनीं विचार करून आज्ञा केली कीं, कोहळा आणि अंताजीपंतांचें डोकें हीं एका दोरीनें मापावीं. पंतांचें डोकें चार बोटें मोठें भरलें. पागोटें पुन्हां बांधतांना पंतांनीं सेवकाकडे पाहिलें तें सेवक विसरला नाहीं.

महाराजांचें मुख उतरलें. तेव्हां शास्त्रीबोवा म्हणाले, 'ही एक जात जाहली. दुसरी दांतांची जात आहे.' म्हातारे कोळी बोलावून पुसिलें, ते म्हणाले कीं होय, खोल पाण्यांत दांतांचा देवमासा असतो, आणि त्याचे पोटांत मनुष्याएवढें माकूळ, तें लांब सोंडांचें मऊ जनावर, सबंध निघालेलें त्यांचे आज्यानें पाहिलें होतें. महाराज पुन्हां प्रसन्न जाहले. वेसू म्हणाली, 'बरं, त्यानं गिळलं म्हनू या. आत वारा कुठला? तीन दिस मानूस श्वास कसा घेनार?' शास्त्रीबोवा हंसले आणि म्हणाले, 'गर्भ नऊ महिने वारा घेतो कीं काय?' महाराज 'वाहवा' म्हणाले, आणि खरेंच, उत्तर बिनतोड होतें. परंतु वेसू म्हणाली, 'गर्भाला नाळ असते. ह्यास्नी व्हती का? आन् शास्त्रीबोवांची खात्री असंल तर त्यांनी रांजनात बसावं. झाकन लावते.' आतां महाराजांस परीक्षा दिसली आणि शास्त्रीबोवांस पळावयास वाट दिसेना. पाणपोईचा थोर रांजण रिकामा करून आणिला, शास्त्रीबोवा 'योगबळें प्राण रोधितां येतो' ऐसें म्हणत आंत उतरले, वरतीं कातडें ताणिलें आणि कणकेनें कड लिंपिली, आणि जवळ वेळ मोजावयास घटिकापात्र ठेविलें. आरंभीं आंतून मंत्रघोष ऐकूं येत होता. मग तो हळू जाहला. मग मंत्रांत दम लागूं लागला. घटिकापात्र निम्मेंही बुडालें नाहीं तों आंतून ठोके, आणि मग ठोक्यांबरोबर शास्त्रास न शोभणारे शब्द ऐकूं आले. कातडें काढिलें, शास्त्रीबोवा वाफवलेल्या मोदकासारखे बाहेर निघाले, आणि त्यांनीं प्रथम वाक्य बोलिलें तें हें कीं, 'उन्हाळा फार आहे.' तोंवर वेसूनें माशाचें पोट फाडिलें होतें. आंत काय होतें? इतकें धूड, आणि पोटांत निव्वळ जवळा! बोटाच्या पेराएवढी कोळंबी, टोपल्याच्या टोपल्या; वरची ओळखूं येत होती, खालची सर्व पेज जाहली होती. वेसूनें ओंजळभर पेज महाराजांसमोर धरिली आणि म्हणाली, 'म्हाराज, पोटात गेलेल्याचं हे असं होतं. ह्ये तीन दिस आत व्हते म्हनतात, आन् मिशीचा एक केस झडला न्हाय.'

मग सर्वांनीं धाकोजीकडे पाहिलें. महाराज रागावले नव्हते. लहान मुलाचा पतंग तुटावा तैसे ते खिन्न जाहले, आणि हळूच म्हणाले, 'तांडेला, मासा होता कीं नव्हता?' धाकोजीनें महाराजांकडे पाहिलें, पागोट्यास एकदां हात लाविला, आणि मग वेसूकडे पाहिलें. ती हात पुसत उभी होती, मनगटें मोकळीं. तो म्हणाला, 'नव्हता, म्हाराज. मी निजलो.' इतका धिप्पाड माणूस आणि आवाज ऐसा बारीक निघाला कीं मागच्यांस ऐकूं गेला नाहीं. त्यांनीं पुढच्यांस पुसिलें. मग त्यानें सर्व सांगितलें: तीन रात्री डोळा लागूं दिला नाहीं, चवथे दिवशीं दोन प्रहरीं पाणी चकाकत होतें, त्याकडे पाहतां पाहतां एकदां पापणी मिटली आणि उघडली ती खडकावर, मग फळीस धरून एका ओसाड बेटास लागला, खडकावरचे शिंपले-खुबे खाल्ले, आणि जाणार्‍या तारवांस हांक मारावयाची लाज वाटे म्हणोन वीस दिवस झाडीआड बसला. पुढें घरची आठवण लाजेहून मोठी जाहली तेव्हां हांक मारिली. अंताजीपंतांनीं दंडक वाचून दाखविला आणि तेथेंच वाळूवर धाकोजीचें पागोटें उतरविलें. कोणी हंसलें नाहीं. धाकोजीचे डोईवरचे केस पागोट्याखालीं चप्प बसले होते. तसा तो कोणी पाहिलाच नव्हता. तेव्हां वेसू, जी आपला नवरा परत मिळाला म्हणोन संतोषानें घरीं जावयाची, ती पुढें जाहली आणि महाराजांस म्हणाली, 'म्हाराज, आज समद्यांनी समदं पारखलं. घसा मापला, कोहळा कोंबला, पंतांचं डोस्कं मापलं, शास्त्रीबोवा वाफवले. पन तीन रात्री चार दिस मानूस जागा ऱ्हातो का, हे कोनी पारखलं?' अंताजीपंत म्हणाले, 'बाई, जीभ आवर.' महाराज लाल जाहले. आम्हांस वाटलें, आतां हिचें कांहीं खरें नाहीं. ते समुद्राकडे वळले आणि म्हणाले, 'आम्ही पारखतों.'

तिसरे दिवशीं पहांटे नवें खासें गलबत सिद्ध जाहलें आणि महाराज स्वतः सुकाणूंस बसले. नांगर चवथे दिवशीं पडावयाचा, तोंवर बंदरासमोर येरझारा घालाव्या, ऐसें ठरलें. दिवाण, शास्त्री, सेवक आणि साक्षीस बोडका धाकोजी, त्यास ताकीद कीं सुकाणूंपासून चार हात दूर उभें राहावें. सेवकास पाणी सोसत नाहीं. गलबताचे कांठाशीं ओणवा होऊन जें दिसलें तें लिहितों. पहिले दिवशीं महाराजांचा उत्साह थोर. शिकारीच्या गोष्टी सांगितल्या, खलाशांस दटाविलें, म्हणाले, 'यांत काय कठीण आहे?' रात्र विड्यांवर निघाली. दुसरे दिवशीं सकाळीं महाराज बोलेनासे जाहले. प्रहर दिवसास त्यांनीं अंताजीपंतांस 'आईसाहेब' म्हटलें. पुढें नांगरास वाढा, तो उपाशी आहे, ऐसी आज्ञा केली. आणि भर दोन प्रहरीं, पाणी चकाकत असतां, महाराजांची हनुवटी छातीस टेकली, हात मात्र सुकाणूंवर घट्ट, आणि घोरणें सुरू जाहलें. गलबत वळलें आणि खडकाकडे निघालें.

आतां उपाय काय? सुकाणूंस दुसरा हात लागूं नये हा एक दंडक, आणि निजल्या राजास जागें करूं नये हा दुसरा, दोन्ही पूर्वजांचे. अंताजीपंतांनीं शास्त्रीबोवांस पुसिलें, 'खोकणें हें जागविणें होतें कीं काय?' शास्त्रीबोवा म्हणाले, 'खोकला आपोआप आला तर दोष नाहीं.' मग दिवाण, शास्त्री, खलाशी आणि सेवक सर्वांस एकदम आपोआप खोकला आला. महाराज मान वळवून आणखी गाढ निजले. खडकावरचे शेवाळ दिसूं लागलें, पक्षी दिसूं लागले, पंत तर देवाचा धांवा करूं लागले. तेव्हां धाकोजी चार हात चालून आला, महाराजांचे मागें गुडघे टेकून बसला, आणि सुकाणूंवर महाराजांचा हात होता त्या हातावर आपला हात ठेविला. हात काढिला नाहीं, ढकलिला नाहीं. महाराजांच्याच हातानें त्यानें सुकाणूं फिरविलें, आणि गलबत खडकापासून बांबूभर अंतरानें निघून गेलें. मग तो तैसाच बसून राहिला. महाराजांचें डोकें मागें कलंडलें तें त्याच्या खांद्यावर टेकलें. त्यानें खांदा हलविला नाहीं. चार घटका ऐसें बंदराकडे चाललें. सेवकाचें पोटही त्या चार घटका शांत होतें, ही नोंद करण्याजोगी गोष्ट.

गलबत बंदरीं आलें आणि नांगर पाण्यांत पडला त्याचा आवाज जाहला, तेव्हां महाराजांनीं डोळे उघडिले. अंताजीपंत लगबगीनें म्हणाले, 'महाराज चिंतनांत होते.' महाराजांनीं समोर बंदर पाहिलें. मग खालीं पाहिलें, तों आपल्या हातावर दुसरा हात, काळा, मिठानें तडकलेला. धाकोजी हात काढूं लागला. महाराजांनीं आपला दुसरा हात वर ठेवून तो धरिला. म्हणाले, 'नाहीं, पंत. आम्ही निजलों.' हें बोलतांना त्यांचा आवाज तांडेलाचा वाळूवर जाहला होता तितकाच बारीक होता. सेवकास रडूं आलें; लिहावयास लाज नाहीं. कांठावर वेसू उभी होती, तिनें सर्व पाहिलें, आणि आज कैक दिवसांनीं तिचा आवाज किल्ल्यापर्यंत गेला. काय म्हणाली तें राजदप्तरीं लिहिण्याजोगें नाहीं. नवर्‍यास उद्देशून होतें आणि प्रेमाचें होतें. दुसरे दिवशीं आज्ञा जाहली कीं, यापुढें खाशा गलबतावर दोन तांडेल असावे, एक बसेल तेव्हां दुसर्‍यानें निजावें. आणि पहिला तांडेल धाकोजी. पागोटें महाराजांनीं स्वहस्तें बांधिलें, वांकडें बांधिलें, परंतु धाकोजीनें तें सरळ केलें नाहीं. शास्त्रीबोवांनींही व्यवस्था दिली कीं, खरोखर जन्मलेला निराळा आणि चुकून मेलेला निराळा. चुकून मेलेल्यास तुपाची आंघोळ घालून एका सकाळीं सर्व संस्कार करितां येतात. त्याप्रमाणें धाकोजी सकाळीं जन्मला, दोन घटकांत वाढला, आणि मध्यान्हीं वेसूशीं लग्न लागलें. तिनें हिरवा चुडा भरिला. पंगतीस आजोळचीं माणसें तळून होतीं. सेवक चार वेळ घेता जाहला.

तात्पर्य, खाविंदांनीं पुसिलें त्याचें उत्तर इतकेंच कीं, बिनदांतांच्या देवमाशास मनुष्य गिळवत नाहीं. दांतांच्यानें गिळिलें तर आंत वारा नाहीं, आणि वार्‍यावांचून राहिला तरी त्याची पेज होईल. मनुष्य वांचत नाहीं. लोक म्हणतात तें खोटें, धाकोजीही खोटें बोलिला, आणि तो कां बोलिला तें वर लिहिलें आहे. डाळिंबें समुद्रांत गेलीं. मातुश्रींनीं कवठें खाऊन डोहाळे भागविले आणि आपण सुखरूप जन्मास आलेत. याउपर लिहावें तर सेवकाचे डोळे मिटूं लागले आहेत, आणि थोरल्या महाराजांचे कृपेनें या घरीं आतां त्यास शिक्षा नाहीं.